फोन रिसेट केला आणि कॅलेंडर कोरं झालं? नोंदी कुठे शोधायच्या

फोन रखडायला लागला की कुणीतरी सांगतंच, "रिसेट मारून टाक." मग फोटो कुठे ठेवले, व्हॉट्सॲपचा बॅकअप झाला का, नंबर परत येतील ना, एवढं सगळे विचारतात. कॅलेंडरचं नाव कुणी काढत नाही. त्याची आठवण होते ती विम्याच्या हप्त्याची तारीख उलटल्यावर, नाहीतर दातांच्या डॉक्टरांकडून "आज येणार होतात ना?" असा फोन आल्यावर. ॲप उघडावं तर महिना कोरा.

महिना कोरा दिसला म्हणून नोंदी पुसल्या गेल्या असं नाही. कॅलेंडरचं ॲप नोंदी फक्त दाखवतं. नोंद साठवलेली असते ती एक तर कुठल्यातरी खात्यात, म्हणजे गूगल, आयक्लाउड, सॅमसंग किंवा ऑफिसचं आउटलुक. नाहीतर नुसती त्या फोनच्या पोटात. खात्यातल्या नोंदीला रिसेटचा धक्का लागत नाही, ती सर्व्हरवर शाबूत असते. फोनमध्येच ठेवलेली नोंद मात्र रिसेटबरोबर गेली. त्यामुळे पहिला प्रश्न "परत कशी आणू" हा नाही, "ती होती कुठे" हा आहे. त्याचं उत्तर न शोधता सेटिंगमध्ये दिसेल ते बटण दाबत सुटलं, तर वाचलेल्या नोंदीही जाऊ शकतात.

हात लावण्याआधी

लगेच पुन्हा रिसेट करू नका. ॲपची यादी उघडून 'कॅलेंडर स्टोरेज' नावाच्या सिस्टिम ॲपचा डेटा साफ करा, असा सल्ला कुणी देईल. तोही सध्या बाजूला ठेवा. फोनमधली सगळी कॅलेंडरं या एकाच ठिकाणी साठतात. तिथे 'क्लिअर डेटा' दाबलं की खात्यातल्या नोंदी सर्व्हरवरून परत येतात, पण फक्त फोनमध्ये असलेल्या नोंदी कायमच्या जातात. रिसेटनंतर नव्या लिहिलेल्या चार तारखाही त्यात उडतील.

घरात जुना फोन, टॅब किंवा तुमच्याच खात्याने चालणारं दुसरं उपकरण पडलं असेल, तर ते उघडण्याआधी त्याचं इंटरनेट बंद करा. वायफाय पोचत नाही अशा जागी नेऊन चालू केलं आणि लगेच एअरप्लेन मोड लावला की झालं. कारण सरळ आहे. नोंदी चुकून खात्यातूनच काढल्या गेल्या असतील, तर त्या जुन्या उपकरणात अजून दिसत असतील, आणि इंटरनेट मिळालं की तिथूनही पुसल्या जातील. ऑफलाइन ठेवून महत्त्वाच्या महिन्यांचे स्क्रीनशॉट काढून घ्या. पुढे काहीच जमलं नाही तर हेच कामाला येतील.

आणि नेमका कुठला रिसेट केला होता ते आठवा. 'नेटवर्क सेटिंग्ज रिसेट' केल्याने वायफायचे पासवर्ड जातात, कॅलेंडरला काही होत नाही. सॅमसंगमधला 'रिसेट ऑल सेटिंग्ज' आणि आयफोनमधला त्याच नावाचा पर्यायही तुमचा डेटा पुसत नाही. यांपैकी काही केलं असेल तर नोंदी आहेतच, फक्त दिसत नाहीत. मग खालचा 'ब्राउझरमध्ये आहेत, फोनमध्ये नाहीत' एवढाच भाग वाचा. 'इरेज ऑल डेटा' म्हणजे फॅक्टरी रिसेट केला असेल, तरच पुढचं सगळं वाचायची गरज.

फोन ठेवा, कॉम्प्युटर उघडा

नोंदी खरंच गेल्या की फोन दाखवत नाही, हे ठरवायची खात्रीची जागा म्हणजे ब्राउझर. कॉम्प्युटरवर 'कॅलेंडर डॉट गूगल डॉट कॉम' उघडा आणि जीमेलने लॉगिन करा. कॉम्प्युटर नसेल तर फोनच्याच क्रोममध्ये 'डेस्कटॉप साइट' वर टिक करून काम भागतं, फक्त अक्षरं बारीक दिसतात.

नुसता चालू महिना बघून थांबू नका. वरच्या शोधाच्या चौकटीत नक्की आठवणाऱ्या एखाद्या नोंदीतला शब्द टाका. 'हप्ता', 'डॉक्टर', जे लिहिलं असेल ते. मराठीत लिहिलं होतं की इंग्रजीत, दोन्ही करून बघा. डावीकडे कॅलेंडरांची यादी असते. त्यातल्या सगळ्या चौकोनांवर टिक आहे ना पाहा. टिक नसलेलं कॅलेंडर जिवंत असतं, नुसतं लपलेलं असतं.

इथे नोंदी दिसल्या तर काळजी मिटली. प्रश्न फक्त फोनचा आहे, आणि त्यावरचे उपाय थोड्या वेळात बघू. दिसल्या नाहीत, तर आधी एक गोष्ट तपासा. माझ्या मते निम्मी कोडी इथेच सुटतात.

हा जीमेल आयडी नक्की तुमचाच?

शेजारच्या काकूंचा फोन दुकानातून रिसेट होऊन आला. "अरे, हयातीच्या दाखल्याची तारीख, गॅसच्या पाइपची तपासणी, सगळं गेलं रे." सेटिंगमध्ये खात्यांची यादी उघडली, तर एकच जीमेल. "काकू, हा आयडी तुमचाच का?" त्यांनी चष्मा लावून वाचलं. "नाव तर माझंच आहे." नाव त्यांचंच होतं, पण पुढे चार आकडे होते आणि तो आयडी दुकानातल्या मुलाने त्या दिवशी नवा काढला होता. जुन्याचा पासवर्ड कुणाला आठवत नव्हता, म्हणून त्याने सोपा मार्ग काढला. जुन्या खात्यातली प्रत्येक तारीख जागेवर होती.

हे फार ठिकाणी घडतं. नव्या खात्यात कॅलेंडर कोरंच असणार. म्हणून आपले आजवरचे सगळे जीमेल आयडी आठवा. आठवत नसतील तर शोधायच्या जागा अशा: मुलाबाळांना त्यांच्या जीमेलमध्ये तुमचं नाव शोधायला सांगा, बँकेत किंवा विमा पॉलिसीवर दिलेला मेल बघा, गूगलच्या लॉगिन पानावरचा 'फरगॉट ईमेल' पर्याय वापरा, तिथे खात्याला जोडलेला मोबाइल नंबर आणि नाव दिलं की आयडी कळतो. रिसेटनंतर चालू होताना फोनने "आधी वापरलेलं खातं टाका" म्हणून अडवलं होतं का? अँड्रॉइडमधलं ते चोरीविरुद्धचं कुलूप आहे. त्या वेळी कुलूप उघडायला जे खातं चाललं, ते जुनं खातं.

सापडलेल्या प्रत्येक आयडीने ब्राउझरमध्ये लॉगिन करून वरची तपासणी पुन्हा करा. पासवर्ड आठवत नसेल तर रिकव्हरीची पायरी घरच्या नेहमीच्या वायफायवरून आणि ओळखीच्या उपकरणावरून करा. अनोळखी ठिकाणाहून केलेला प्रयत्न गूगल सहज मानत नाही.

ब्राउझरमध्ये आहेत, फोनमध्ये नाहीत

खालच्या गोष्टी याच क्रमाने करा आणि प्रत्येकीनंतर कॅलेंडर उघडून बघा. सगळं एकदम केलं तर कशाने जमलं ते कळत नाही.

१. सेटिंग्जमधल्या 'अकाउंट्स' मध्ये जा. काही फोनवर याचं नाव 'पासवर्ड्स अँड अकाउंट्स' असतं. बरोबर जीमेल तिथे नसेल तर जोडा. असेल, पण "साइन इन करा" अशी सूचना दाखवत असेल, तर पासवर्ड पुन्हा टाका.

२. त्या खात्यावर दाबून 'अकाउंट सिंक' उघडा. सिंक म्हणजे खात्यातल्या आणि फोनमधल्या नोंदी एकमेकांशी जुळवून घेणं. जीमेल, कॉन्टॅक्ट्स, ड्राइव्ह अशा यादीत 'कॅलेंडर' समोरचं बटण चालू करा. मग तीन ठिपक्यांवरून 'सिंक नाऊ'. रिसेटनंतर फोन एकाच वेळी पन्नास ॲप उतरवत असतो, तेव्हा वायफायवर आणि चार्जरला लावून थोडा वेळ द्या. बॅटरी सेव्हर आणि डेटा सेव्हर तेवढ्यापुरते बंद ठेवा, ते पाठीमागचं सिंक रोखतात.

३. गूगल कॅलेंडर ॲपमध्ये वर डावीकडच्या तीन रेषा दाबा. प्रत्येक खात्याखाली कॅलेंडरांची नावं असतात, त्यांच्यावर टिक हवी. यादी अर्धवट वाटली तर 'शो मोअर' दाबा. याच मेन्यूतून सेटिंग्जमध्ये जाऊन एकेका कॅलेंडरच्या नावावर दाबलं की त्याचं वेगळं 'सिंक' बटण दिसतं. खात्याचं सिंक चालू पण एका कॅलेंडरचं बंद, असा प्रकार असतो आणि तो पटकन लक्षात येत नाही.

४. परवानगी तपासा. रिसेटनंतर नव्याने घातलेलं ॲप पहिल्यांदा उघडताना "कॅलेंडर वापरू द्यायचं का?" असं विचारतं, आणि घाईत आपण नको म्हणतो. ॲपची माहिती उघडून 'परमिशन्स' मध्ये कॅलेंडरला 'अलाउ' करा.

५. तारीख, वेळ आणि टाइम झोन 'ऑटोमॅटिक' वर ठेवा. इथे एक गंमत होते. टाइम झोन भारताऐवजी ग्रीनिचचा राहिला, तर वेळ लिहिलेली प्रत्येक नोंद साडेपाच तास मागे सरकते. सकाळी नऊची भेट पहाटे साडेतीनला दिसते, आणि पहाटे पाचची गाडी आदल्या दिवशी रात्री साडेअकराला. माणूस आजच्या तारखेवर शोधत बसतो आणि नोंद कालच्या घरात असते. दिवसभराच्या नोंदी, म्हणजे वाढदिवस वगैरे, सरकत नाहीत. वाढदिवस बरोबर आणि बाकीचं विस्कटलेलं दिसलं, की टाइम झोनचाच संशय घ्या.

६. एवढं करूनही कोरं असेल तरच गूगल कॅलेंडर ॲपचं स्टोरेज साफ करा आणि ॲप पुन्हा उघडा. सिंक न झालेले बदल त्यात जातात, म्हणून रिसेटनंतर लिहिलेल्या नोंदी आधी कागदावर उतरवा. शिवाय सिस्टिम ॲपांच्या यादीत 'कॅलेंडर स्टोरेज' बंद तर केलेलं नाही ना, तेही बघा. फोन हलका करायच्या नादात ते बंद केलं, तर कुठलंच कॅलेंडर चालत नाही.

कुठेच नाहीत? मग प्रकारानुसार शोधा

*खोडलेल्या नोंदी.* गूगल कॅलेंडरमध्ये काढून टाकलेली नोंद साधारण ३० दिवस ट्रॅशमध्ये असते. कॉम्प्युटरवर वरच्या दातेरी चक्राच्या चिन्हातून 'ट्रॅश' किंवा 'बिन' उघडा. हा पर्याय ब्राउझरमध्येच शोधा. प्रत्येक कॅलेंडरची टोपली वेगळी असते, तेव्हा डावीकडची सगळी नावं एकेक करून पाहा. महिना उलटत आला असेल तर इतर सगळं सोडून हे आधी करा.

*वाढदिवस.* हे बहुतेक वेळा कॅलेंडरमध्ये लिहिलेले नसतात, गूगल कॉन्टॅक्ट्समधल्या तारखांवरून येतात. कॉन्टॅक्ट गेले, तर त्यांच्यातले वाढदिवसही गेले. आधी कॉन्टॅक्ट परत आणा.

*तिकिटं, हॉटेल, विमान.* जीमेलमध्ये आलेल्या बुकिंगवरून गूगल या नोंदी स्वतः टाकतं. कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये 'इव्हेंट्स फ्रॉम जीमेल' बंद असेल तर त्या दिसत नाहीत. मूळ मेल तर आहेच.

*रिमाइंडर.* जुन्या गूगल रिमाइंडरचं २०२३ मध्ये 'टास्क' मध्ये रूपांतर झालं. कॅलेंडरच्या यादीत 'टास्क्स' वर टिक करा किंवा टास्क्सचं वेगळं ॲप उघडा.

*ऑफिसच्या मीटिंग.* त्या ऑफिसच्या खात्यात असतात. आउटलुक ॲप पुन्हा घालून लॉगिन करा. कंपनीचं नियंत्रण असलेल्या फोनवर आयटीवाल्यांकडून फोनची नोंदणी पुन्हा करून घ्यावी लागते, त्याशिवाय खातं उघडत नाही.

*दुसऱ्यांनी बोलावलेले कार्यक्रम.* मेलमध्ये आमंत्रण असतं आणि त्याला जोडलेली आयसीएस फाइल, म्हणजे कॅलेंडरच्या नोंदीची फाइलही. ती उघडली की नोंद परत कॅलेंडरमध्ये टाकता येते. नवरा, बायको, सहकारी, ज्यांनी बोलावलं त्यांच्या कॅलेंडरमध्ये तर ती असतेच.

*पंचांगाच्या आणि दिनदर्शिकेच्या ॲपमधल्या टिपा.* या बहुतेक वेळा त्या ॲपच्याच पोटात असतात, गूगल कॅलेंडरशी त्यांचा संबंध नसतो. ॲपमध्ये लॉगिन किंवा बॅकअपची सोय आहे का, आणि ती तुम्ही वापरली होती का, एवढंच बघता येतं.

सॅमसंग आणि इतर कंपन्यांचं स्वतःचं कॅलेंडर

अँड्रॉइडवर नोंदी खरोखर हरवतात त्या इथे. फोनबरोबर आलेल्या कॅलेंडरमध्ये नोंद लिहिताना खाली बारीक अक्षरात ती कुठे साठणार ते लिहिलेलं असतं: जीमेलचा पत्ता, कंपनीचं खातं किंवा नुसतंच 'फोन' अथवा 'माय कॅलेंडर'. तिकडे कुणी बघत नाही.

सॅमसंग खातं वापरत असाल तर आधी त्या खात्याने लॉगिन करा आणि खात्याच्या सिंकमध्ये कॅलेंडर चालू करा. मग 'अकाउंट्स अँड बॅकअप' मधून 'रिस्टोअर डेटा' उघडून जुन्या फोनच्या नावाचा बॅकअप दिसतो का बघा. जुना फोन बदलताना सॅमसंगच्या 'स्मार्ट स्विच' ॲपने कॉम्प्युटरवर किंवा मेमरी कार्डावर बॅकअप घेतला असेल, तर त्यात कॅलेंडर असू शकतं. मेमरी कार्ड साधं असेल तर रिसेटनंतरही बहुधा शाबूत राहतं. 'इंटर्नल स्टोरेज' म्हणून फोनला जोडलेलं असेल तर त्यावरचा डेटा कुलूपबंद असतो आणि त्याची किल्ली फोनबरोबर पुसली गेली, ते वाचता येणार नाही. बाकी कंपन्यांच्या फोनवरही कंपनीचं क्लाउड खातं उघडून हीच तपासणी करायची.

गूगलचा फोन बॅकअप सहसा रिसेटनंतरच्या पहिल्या सेटअपमध्येच परत आणता येतो. त्या वेळी 'डोन्ट कॉपी' दाबून पुढे गेला असाल, तर पुन्हा रिसेट करूनच ती संधी मिळते. त्याआधी गूगल ड्राइव्हच्या 'बॅकअप्स' मध्ये जाऊन जुन्या फोनचा बॅकअप खरंच आहे का आणि तो कुठल्या तारखेचा आहे, ते बघा. तो उघडायला जुन्या फोनचा पिन किंवा पॅटर्न लागू शकतो. फोन ५७ दिवस वापरातच नसेल तर गूगल बॅकअप काढून टाकतं. नव्या अँड्रॉइडवरचा बॅकअप जुन्या अँड्रॉइडच्या फोनवर चढत नाही, हेही ध्यानात असू द्या.

आयफोन

सेटिंग्जमध्ये आपल्या नावावर दाबून आयक्लाउडमध्ये 'कॅलेंडर्स' चालू करा. जीमेलच्या नोंदी हव्या असतील तर कॅलेंडरच्या सेटिंगमधल्या 'अकाउंट्स' मध्ये गूगल खातं जोडा. आयओएस १८ पासून ही सेटिंग 'ॲप्स' च्या यादीत गेली आहे. तिथेच 'सिंक' मध्ये किती मागच्या नोंदी आणायच्या ते ठरतं: दोन आठवडे, एक महिना, तीन महिने, सहा महिने किंवा सगळ्या. "जुनं सगळं गेलं, पुढचं आहे" अशी तक्रार असेल तर 'ऑल इव्हेंट्स' निवडा, बहुतेक वेळा तेवढंच पुरतं. कुणी शेअर केलेलं गूगल कॅलेंडर आयफोनवर येत नसेल, तर गूगलच्या 'सिंक सिलेक्ट' पानावर जाऊन त्याच्या नावावर टिक करावी लागते.

आयक्लाउडमधूनच नोंदी गेल्या असतील तर ब्राउझरमध्ये 'आयक्लाउड डॉट कॉम' उघडा. 'डेटा रिकव्हरी' मध्ये 'रिस्टोअर कॅलेंडर्स' असा पर्याय आहे आणि मागच्या ३० दिवसांतल्या प्रती तिथे तारखेनिशी दिसतात. बटण दाबण्याआधी हे माहीत हवं: जुनी प्रत सध्याच्या कॅलेंडरची जागा घेते, शेअरिंग निघून जातं आणि ते पुन्हा करावं लागतं, आणि ज्यांना तुम्ही कार्यक्रमाला बोलावलं होतं त्यांना आमंत्रणं पुन्हा जातात. कधीच होऊन गेलेल्या बारशाचं आमंत्रण मामेबहिणीला परत जाणार असेल तर आधीच फोन करून सांगितलेलं बरं.

रिकव्हरीवाल्यांना पैसे देऊ नका

नोंदी फक्त फोनमध्ये होत्या आणि बॅकअप नाही, असं ठरलं तर शोध तिथे थांबवा. आजच्या फोनमधला डेटा एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात असतो आणि फॅक्टरी रिसेटमध्ये त्याची किल्लीच नष्ट होते. उरलेले तुकडे कुणी वाचून काढू शकत नाही. "डीप स्कॅन" करून सगळं परत आणतो म्हणणारं सॉफ्टवेअर किंवा दुकान असल्या फोनवर तुमचे पैसे घेईल, आणि वर तुमचा जीमेलचा पासवर्डही मागेल.

त्याऐवजी तासभर बसून तारखा नव्याने गोळा करा. बँकेचे आणि विम्याचे एसएमएस, व्हॉट्सॲपवरचे "उद्या नक्की" असले निरोप, डॉक्टरांच्या फायलीतली पुढच्या भेटीची तारीख, भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी खरडलेलं काहीबाही. वर्षभराच्या महत्त्वाच्या तारखा वाटतात तितक्या नसतात.

तिथीने येणाऱ्या गोष्टींना 'दर वर्षी' ची पुनरावृत्ती मात्र लावू नका. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला आहे. श्राद्धाची तिथीही अशीच सरकते, ती दर वर्षी पंचांग बघूनच टाकावी लागते.

कुठून आयसीएस फाइल मिळाली असेल तर ती कॉम्प्युटरवर गूगल कॅलेंडरच्या सेटिंगमधल्या 'इंपोर्ट अँड एक्स्पोर्ट' मधून आत घ्या. थेट मुख्य कॅलेंडरमध्ये घेऊ नका. आधी एक नवं रिकामं कॅलेंडर बनवा आणि त्यात घ्या. नोंदी दुप्पट झाल्या किंवा वेळा चुकल्या तर ते अख्खं कॅलेंडर एका फटक्यात काढता येतं.

पुढच्या रिसेटआधी

कॅलेंडर ॲपच्या सेटिंगमध्ये नव्या नोंदी कुठे जाव्यात ते ठरवता येतं. आयफोनवर त्याला 'डिफॉल्ट कॅलेंडर' म्हणतात. तिथे आपलं नेहमीचं खातं निवडा. दुकानात फोन द्यायचा असेल तर आयडी आणि पासवर्ड वहीत लिहून ती वही घरी ठेवा, आणि दुकानदाराला सांगा, "रिसेट तेवढा करा, खातं आम्ही घरी जोडू." 'इंपोर्ट अँड एक्स्पोर्ट' मधूनच 'एक्स्पोर्ट' दाबलं की सगळ्या कॅलेंडरांची झिप फाइल उतरते; ती स्वतःला मेल करा.

रिसेट करायच्या दिवशी फोनवर पुढच्या महिन्यातल्या कुठल्याही तारखेला 'चाचणी' नावाची नोंद लिहा आणि पाच-दहा मिनिटांनी ब्राउझरमध्ये ती तारीख उघडा. नोंद तिथे दिसली तर बेलाशक रिसेट करा. नाही दिसली, तर ती फोनमध्येच अडकली आहे, आणि तिच्यासारख्या आणखी किती आहेत ते रिसेटआधीच बघून घ्या.